मालकाचं संमतीपत्र

उद्धवराव मांडेकरांनी एकोणतीस वर्षं चाकणच्या एका कंपनीचं स्टोअर सांभाळलं आणि त्या एकोणतीस वर्षांत सहीशिवाय एक वायसरही जाळीच्या पलीकडे जाऊ दिला नाही. प्लँटचे मोठे साहेब आले तरी 'आधी स्लिप' एवढंच म्हणायचे. एकदा त्या साहेबांनी बॉलपेन मागितलं. उद्धवरावांनी स्लिप पुढे केली. स्लिप भरायला साहेबांकडे पेन नव्हतं, म्हणून उद्धवरावांनी स्वतःच्या खिशातलं दिलं. ते मात्र लगेच परत मागून घेतलं. ही हकिकत कंपनीत नव्या पोरांना सांगितली जायची, आणि उद्धवराव शेजारून जात असले की जरा मोठ्यानं सांगितली जायची.

असा माणूस चोपन्नाव्या वर्षी घरी बसला. त्यांचा दोष काही नव्हता. कंपनीनेच गाशा गुंडाळून परराज्यात जायचं ठरवलं. निरोपाच्या दिवशी शाल मिळाली, श्रीफळ मिळालं आणि गौरवपत्र मिळालं. गौरवपत्रावर 'श्री. उद्भव मांडेकर' असं छापलं होतं. छापील कागदावरच्या नावाच्या बाबतीत उद्धवराव फार हळवे होते. त्यांनी ते गौरवपत्र कपाटात तोंड भिंतीकडे करून ठेवलं.

पुढचे तीन महिने संत तुकाराम नगरमधल्या त्यांच्या घरात स्वयंपाकघर म्हणजे स्टोअर झालं. डब्यांवर चिठ्ठ्या आल्या. प्रत्येक डब्याला एक कार्ड आलं. तूरडाळ काढली की कार्डावर तारीख आणि वाटी लिहायची. इंद्रायणीबाईंनी आठवडाभर सोसलं. मग एक दिवस कढीपत्त्याच्या चार पानांची नोंद राहिली म्हणून विचारणा झाली, तेव्हा त्या पदर खोचून तडक तिसऱ्या मजल्यावर सुजितकडे गेल्या. सुजित हिंजवडीच्या आयटी कंपनीत होता आणि ट्रॅफिकला कंटाळून बहुतेक दिवस घरूनच काम करायचा.

"सुजित, ह्यांना काहीतरी उद्योग लावून दे बाबा. नाहीतर मी माहेरी जाते. माहेरी आता कोणी नाही, तरी जाते."

सुजितने उद्धवरावांना समोर बसवलं.

"काका, ड्रॉपशिपिंग करा. नेटवर दुकान टाकायचं. गिऱ्हाईक तुमच्याकडे ऑर्डर देणार, तुम्ही ती सुरतच्या गोडाऊनवाल्याकडे पाठवणार, तो माल थेट गिऱ्हाइकाच्या घरी पाठवणार."

"आणि माल माझ्याकडे कधी येणार?"

"येणारच नाही."

"मग मोजून घेणार कोण?"

"कोणी नाही."

"सही?"

"कोणाचीच नाही, काका."

उद्धवरावांनी पाणी मागितलं. ज्या माणसाने जन्मभर माल सांभाळला, त्याला आता कधीही न दिसणारा माल विकायचा होता. त्यांना ते लबाडीच्या फार जवळचं वाटलं. पण इंद्रायणीबाई दारात उभ्या होत्या आणि त्यांच्या चेहऱ्यावर माहेर स्पष्ट दिसत होतं. शेवटी उद्धवराव म्हणाले की विकायचंच तर म्हाताऱ्या माणसांच्या कामाचं विकू. गुडघ्याचे पट्टे, घडीच्या काठ्या, वॉकर. निदान त्याची लाज वाटणार नाही.

आता नोंदणी. पहिल्याच फॉर्मवर 'व्यवसाय' या रकान्यात दोन पर्याय होते, नोकरी आणि स्वयंरोजगार. उद्धवराव बराच वेळ नोकरीकडे बघत बसले. मग सुजितनेच हात लांब करून दुसरं बटण दाबलं. दहा मिनिटांत उद्योगाचं प्रमाणपत्र आलं. त्यावर उद्योगाचा आकार लिहिला होता : 'सूक्ष्म'.

"सूक्ष्म म्हणजे?" उद्धवरावांनी विचारलं.

"लहान, काका."

"लहान असा वेगळा शब्द आहे की. हे तर भिंगातून बघायचं असतं."

पण नेटवर विकायचं तर जीएसटीचा नंबर लागतो, आणि इथून खरी कथा सुरू झाली. बातमी इमारतभर पसरली. तळमजल्यावरच्या कस्तुराबाई म्हणाल्या, नंबर मुळीच घेऊ नका, घेतला की सरकार घरात येतं. दुसऱ्या मजल्यावर एक निवृत्त तलाठी होते. ते म्हणाले, नंबर घ्या, पण बायकोच्या नावाने घ्या. त्यांनी स्वतः सगळं बायकोच्या नावाने घेतलं होतं आणि ती बाई आता त्यांना विचारल्याशिवाय चहा देत नव्हती, पण तो भाग त्यांनी सांगितला नाही. कोणी म्हणालं दारावर लिंबू-मिरची बांधा, कोणी म्हणालं आधी करंट खातं उघडा. करंट खातं उघडायला गेले तर बँकेने जीएसटीचा नंबर मागितला. नंबर काढायला गेले तर तिथे बँकेचं खातं विचारलं. एकोणतीस वर्षं स्लिपा मागणाऱ्या माणसाला, आपल्याकडे कोणी स्लिप मागणं म्हणजे काय असतं हे तेव्हा प्रथम कळलं.

शेवटी पिंपरीत ज्यूसच्या दुकानावर ऑफिस असलेला रणजीत नावाचा कर सल्लागार गाठला. रणजीतने कागद चाळले आणि लाइट बिलावर बोट ठेवलं.

"हे आबाजी मांडेकर कोण?"

उद्धवराव बिलावरचा पत्ता वाचायला लागले.

"जागा यांच्या नावावर दिसते. कोण लागतात तुमचे?"

"थोरले भाऊ."

"मग सोपं आहे की! मालकाचं संमतीपत्र आणा, सही घ्या, झालं."

'मग सोपं आहे' हे वाक्य इतक्या स्वस्तात उद्धवरावांनी आयुष्यात ऐकलं नव्हतं.

ती जागा फार पूर्वी सोडतीत आबाजींना लागली होती. "मी गावातला गडी, मला चाळीस पायऱ्या कशाला? तुझ्या पोरीच्या शाळेला बरं," असं म्हणून त्यांनी किल्ली धाकट्या भावाच्या हातात ठेवली होती. नाव बदलायचं दोघांच्याही कधी मनात आलं नाही. मग अकरा वर्षांपूर्वी आबाजींच्या सिद्धेशचं लग्न निघालं. पत्रिका आली. निमंत्रकांच्या यादीत चुलतभाऊ होते, मावसभाऊ होते, अगदी आळंदीकडचे लांबचे मेहुणे होते. उद्धव मांडेकर नव्हते. उद्धवरावांनी पत्रिका पुन्हा पाकिटात घातली आणि लग्नाच्या दिवशी कंपनीत स्टॉक मोजायला गेले. त्या दिवशी कंपनीला सुट्टी होती. वॉचमनकडून कुलूप उघडून घेऊन त्यांनी एकट्यानं स्टॉक मोजला.

तेव्हापासून दोघे बोलले नव्हते. दोघांच्या बायका मात्र, पत्रिकेचा विषय तेवढा टाळून, दर आठवड्याला फोनवर बोलत होत्या. दोन वर्षांपूर्वी इंद्रायणीबाईंनी सांगितलं, दादांना अर्धांगवायूचा झटका आलाय, दवाखान्यात आहेत. उद्धवराव स्कूटर काढून निघाले. नाशिक रस्त्यावर चाकणच्या अलीकडे थांबले, अर्धा तास तिथेच उभे राहिले आणि परत आले. बायकोला म्हणाले, ट्रॅफिक जॅम होतं. ट्रॅफिक खरोखरच जॅम होतं, त्यामुळे ते खोटं बोलले असं कोणालाही म्हणता येणार नाही.

आता समोर संमतीपत्राचा कोरा नमुना होता. उद्धवरावांनी आधी सगळ्या पळवाटा बघितल्या. दुसऱ्याचा पत्ता लावता येईल का? रणजीत म्हणाला, नको, अडकाल. भाडेकरू दाखवता येईल का? भाडेकरारालाही मालकाची सही लागते. शेवटी त्यांनी आबाजींच्या मोबाईलवर मेसेज पाठवला. 'प्रति, श्री. आबाजी मांडेकर. विषय : जागेच्या वापरास ना हरकत मिळणेबाबत. महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून...' असा तो सुरू होऊन 'कळावे' पर्यंत गेला. दोन दिवस काही नाही. तिसऱ्या दिवशी उत्तर आलं. लिहिलेलं नव्हतं, आवाज होता. जड, थोडा ओढल्यासारखा.

"महोदय कोन हाय?"

एवढंच. उद्धवरावांनी ते बाल्कनीत जाऊन चार वेळा ऐकलं. मग आत येऊन इंद्रायणीबाईंना म्हणाले, "उद्या गावी कुरुळीला जाऊन येतो. कागदाचं काम आहे."

"व्हय, कागदाचंच," असं म्हणून त्यांनी डब्यात लाडू भरले. त्याची नोंद कार्डावर झाली नाही आणि कोणी विचारलंही नाही.

कुरुळीच्या घराभोवती आता गोदामांचे पत्रे उभे होते. समोरच्या रानात कंटेनरच्या गाड्या लागल्या होत्या. ओसरीवर खुर्चीत आबाजी बसले होते. उजवा हात मांडीवर ठेवलेला होता, दुसऱ्या कोणीतरी सांभाळायला दिल्यासारखा. उद्धवरावांनी आल्यावर काय बोलायचं ते बसमध्ये तीन प्रकारे पाठ केलं होतं.

"या महोदय," आबाजी म्हणाले. "चपला उन्हात काढू नको. तापत्याल."

पाठ केलेल्या तिन्ही प्रकारांत चपला नव्हत्या. उद्धवरावांनी चपला सावलीत काढल्या.

शालनवहिनींनी ताट वाढलं. "आदी जेवा भावजी. कागद काय पळून जात न्हाई." मटकीची आमटी होती. आबाजी डाव्या हाताने सावकाश जेवत होते. मध्ये भाकरीचा तुकडा निसटला, तो उद्धवरावांनी न बोलता परत त्यांच्या बोटांत दिला. त्यांनी न बोलता घेतला.

जेवण झाल्यावर उद्धवरावांनी कागद काढला. आबाजींना चष्म्यातूनही नीट दिसत नव्हतं, म्हणून वाचून दाखवावा लागला.

"मी, आबाजी मांडेकर, वय वर्षे सदुसष्ट, लिहून देतो की सदर जागा माझ्या मालकीची असून माझे धाकटे बंधू उद्धव यांस स्वयंरोजगारासाठी..."

"स्वयंरोजगार म्हंजी?"

"स्वतःचं काम. आपलं आपण."

"आन कंपनी?"

उद्धवरावांनी कागदाची कड सरळ केली. "कंपनी गेली, दादा."

"कवा?"

"झाले सहा महिने. फोनवर सांगू नको म्हणून घरात बजावलं होतं."

आबाजींनी समोरच्या कंटेनरांकडे बघितलं. "आन मी गावात सांगत बसतो," ते म्हणाले, "की आमच्या उद्धवच्या सहीबिगार चाकणात गाडी बाहीर पडत न्हाई."

"आता पडतात सहीबिगर," उद्धवराव म्हणाले. त्यांना हसायचं होतं, पण ते जमलं नाही.

"त्या पत्रिकेचं..." आबाजींनी सुरुवात केली.

"जाऊ द्या दादा."

"जाऊ कसं द्या? अकरा वर्सं झाली. तुजं नाव मी सगळ्यात वर लिवून दिलं व्हतं. माज्या बी वर. पत्रिकेवरला गणपती मोठा झाला म्हून छापखान्यावाल्यानं वरची वळ कापली. मला बी पत्रिका वाटल्यावर दिसलं. म्हनलं, आता उद्धव येतो आन भांडतो. वाट बगितली. तू येऊन दोन शिव्या दिल्या असत्या तर म्या हजारच्या हजार पुन्यांदा छापून घेतल्या असत्या."

"मग तुम्ही फोन करायचा होता."

"मी थोरला. मी कसा करू?"

उद्धवराव धाकटे होते, आणि धाकट्याने का करावा यावर त्यांनी अकरा वर्षं हाच मुद्दा उलट्या बाजूने मांडला होता. शालनवहिनी आतून म्हणाल्या, "दोगं बी तसलीच." त्यावर दोघांनीही हरकत घेतली नाही.

सहीचा प्रश्न आला तेव्हा कळलं की उजव्या हातात पेन धरलं जात नाही. आबाजींनी डाव्या हाताने वर्तमानपत्राच्या कडेला सराव केला. कोंबडी चालून गेल्यासारखं दिसत होतं. उद्धवरावांनी फोटो काढून रणजीतला पाठवला. रणजीत फोनवर म्हणाला, "जुळणार नाही हो. अंगठा घ्या, दोन साक्षीदार घ्या."

उद्धवरावांना ते भावाला सांगवेना. त्यांच्या वडिलांना सही येत नव्हती. कुठल्याशा कचेरीत वडिलांनी अंगठा उमटवला तेव्हा तिथला कारकून हसला होता, आणि नऊ वर्षांच्या आबाजींनी घरी येऊन पाटीवर रात्रंदिवस स्वतःचं नाव गिरवलं होतं. 'मांडेकराच्या घरात आता अंगठा न्हाई' हे त्यांनी इतक्या वेळा सांगितलं होतं की धाकट्या भावाला ते पाढ्यासारखं पाठ होतं. उद्धवराव पुढे स्टोअरमध्ये सहीला एवढे कडक झाले, त्याचं मूळ बहुधा तिथेच असावं.

"काय म्हनला?" आबाजींनी विचारलं.

"काही नाही. राहू द्या. मी दुसरं काहीतरी बघतो."

"अंगठा मागतो का?"

उद्धवरावांनी मोबाईल खिशात घातला.

"शाई हाय का?" आबाजी म्हणाले, आणि त्यांनी डावा हात पुढे केला.

शेजारच्या गोजाबाई आणि शालनवहिनी साक्षीदार झाल्या. अंगठा स्पष्ट उमटला. नंतर वहिनी खोबरेल लावून शाई पुसायला लागल्या, तर आबाजी म्हणाले, "ऱ्हाऊ दे. जाईल आपोआप."

संमतीपत्र जोडलं. मग तपासणीला बाई आल्या. जीएसटी ऑफिसच्या पूनम मॅडम, तरुण, दमलेल्या, हातात मोबाईल. इंद्रायणीबाईंनी पाट मांडावा की खुर्ची या गोंधळात दोन्ही मांडलं होतं.

"माल कुठे ठेवता?"

"माल नाही," उद्धवराव म्हणाले. हे सांगताना त्यांचे कान लाल झाले.

"गोडाऊन?"

"सुरतेला. पण ते आमचं नाही."

"ऑफिस?"

उद्धवरावांनी टीपॉयकडे बोट दाखवलं. त्यावर वाटाण्याच्या शेंगा सोलायला घेतल्या होत्या. दुकानाच्या बोर्डासमोर दुकानदाराचा फोटो हवा होता आणि बोर्ड अजून रंगाऱ्याकडे ओला होता. मग मागच्या वर्षीच्या कॅलेंडरच्या पाठीवर स्केचपेनने नाव लिहिलं, ते छातीशी धरून उद्धवराव दारात उभे राहिले. मॅडमनी फोटो काढला. तो बघून इंद्रायणीबाई म्हणाल्या, पोलीस चौकीत असेच फोटो लावतात. जाताना मॅडमनी आईसाठी गुडघ्याच्या पट्ट्याची चौकशी केली. उद्धवराव म्हणाले, "मी अजून बघितला नाही. चांगला आहे असं मला सांगता येणार नाही." सुजितने हे नंतर ऐकून कपाळाला हात लावला.

नंबर आला. दुकान उघडलं. पहिली ऑर्डर उद्धवरावांनी स्वतःच दिली, एक वॉकर, चार पायांचा, पुढे दोन चाकांचा, पत्ता कुरुळी. मोबाईल नंबर आबाजींचा.

सुजित म्हणाला पाच दिवसांत पोचेल. सहाव्या दिवशी आबाजींचा फोन आला.

"आली न्हाई रं तुजी गाडी."

"भिवंडीत आहे दादा. दिसतंय इथे."

दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन. भिवंडीतच होती. तिसऱ्या दिवशी ती इंदूरला निघून गेली होती. उद्धवरावांचा संताप झाला. त्यांच्या स्टोअरमधून एकोणतीस वर्षांत एक पेटी चुकीच्या बाजूला गेली नव्हती. आबाजी मात्र खूश झाले. "इंदूर? आपुन कुटं बगितलंय इंदूर. बगू दे की तिला."

मग रोजचंच झालं. सकाळी दहाला फोन यायचा. "आज कुटवर?" तिथून बोलणं सुरू व्हायचं आणि विहिरीवर, वडिलांवर, सिद्धेशच्या मुलीच्या दातांवर जायचं. कधी फोन आला नाही तर सव्वादहाला उद्धवराव लावायचे. धाकट्याने का लावावा हा मुद्दा कोणी काढला नाही. एक दिवस वॉकर चाकणला आला, 'पत्ता अपूर्ण' म्हणून परत भिवंडीला गेला. उद्धवरावांनी कुरिअर कंपनीला सहा तक्रारी लिहिल्या. सातवी लिहिताना आबाजींनी फोनवर विचारलं, "तू सवता का आनून देत न्हाईस?"

"येतो ना दादा. रविवारी येतो. वॉकर आला की उंची लावून द्यायला यायचंच आहे. एकदमच येतो."

"ये. वहिनी अळू करंल."

शुक्रवारी सकाळी दहाच्या आधीच फोन वाजला. नंबर आबाजींचा होता. उद्धवराव म्हणाले, "दादा, आज भिवंडीहून निघालाय." पलीकडे शालनवहिनी होत्या. पहाटे झोपेतच गेले, असं त्यांनी सांगितलं.

तिसऱ्या दिवशी सावडणं उरकून माणसं अंगणात ताडपत्रीखाली बसली होती. रविवारच होता. रणजीतचा फोन येऊन गेला होता. त्याने फार वाईट वाटल्याचं सांगितलं आणि मग चाचरत म्हणाला, घाई नाही, पण मालक बदलला की संमतीपत्र नवीन लागतं. उद्धवराव म्हणाले, बरं.

तेवढ्यात फाटकाशी मोटरसायकल थांबली. मागे लांबट खोकं बांधलेलं. डिलिव्हरीवाल्याने हेल्मेट काढून मोठ्यानं विचारलं, "आबाजी मांडेकर कोण?"

त्या माणसाने ताडपत्री बघितली, बसलेली माणसं बघितली आणि आवाज खाली आणला. "कोणीतरी घ्या हो. मोबाईलवर नंबर आला असेल, तेवढा सांगा."

उद्धवराव उठले. आबाजींचा मोबाईल शालनवहिनींच्या मांडीवर होता. त्यांनी तो न बघता पुढे केला. उद्धवरावांनी नंबर सांगितला, सही केली, खोकं दोन्ही हातांनी उचलून भिंतीला टेकवून ठेवलं. डिलिव्हरीवाला गाडी ढकलत कोपऱ्यापर्यंत नेऊन मगच चालू करून गेला.

मोबाईल परत देताना तो वाजला.

"काय आलं?" वहिनींनी विचारलं.

"दुकानाचा मेसेज आहे. आपोआप येतो." माल उशिरा पोचला की गिऱ्हाइकाला आपोआप जाणारा मजकूर सुजितने कधीतरी बसवून ठेवला होता. उद्धवरावांनी तो आजवर वाचलेला नव्हता.

"कुनाचं दुकान?"

"माझं."

"मग वाचा की."

"राहू द्या वहिनी."

"त्यांना आलाय ना? वाचा."

उद्धवरावांनी चष्मा लावला. मजकूर चारच ओळींचा होता, पण त्यांना बराच वेळ लागला.

"आदरणीय आबाजी मांडेकर. आमच्याकडून पोहोचायला उशीर झाला. मनापासून क्षमा असावी. पुन्हा एकदा सेवेची संधी द्यावी. आपला, उद्धव मांडेकर."

शालनवहिनींनी पदर डोळ्यांना लावला नाही. त्या नुसत्या मोबाईलकडे बघत बसल्या. मग म्हणाल्या, "पुन्यांदा वाचा, भावजी. मोठ्यानं."

उद्धवरावांनी घसा साफ केला आणि पहिल्या शब्दापासून पुन्हा वाचायला सुरुवात केली.